दाखला

लामाराबाईंनी तो टॉवेलातून काढला,
भट्टीतून आत्ताच आणलेल्या पावासारखा, दोन्ही हातांनी.
झाकणावर अक्रोडाच्या मुरंब्याचा डाग.
"म्हणतो, चालणार नाही."
काय चालणार नाही?
"नवं. नवं काहीच."

दोन हजार अकराचा. पाठ उघडली.
बॅटरी फुगलेली, बेडकाच्या गळ्यासारखी.
पंख्यात धूळ, मांजराचा एक पांढरा केस.
हाडं मात्र शाबूत.
कुताईसीत, औषधांच्या दुकानाखालच्या या तळघरात
मी याहून थकलेले उभे केलेत.

गायनवृंदाची सगळी स्वरलिपी यात,
आणि ती उघडणारा प्रोग्रॅम आता नवी सिस्टीम मागतो.
दुकानदार म्हणाला, नवा घ्या.
"मी मधला आवाज गाते," बाई म्हणाल्या,
"आमच्याकडे कुणी बघत नाही.
आम्ही थांबलो की मग वरचे आणि खालचे
एकमेकांचं तोंड बघतात."

बॅटरी काढून ठेवली, नवी डिस्क बसवली, पेनड्राइव्ह लावला.
नकार आला, अगदी सभ्य शब्दांत:
हा संगणक या प्रणालीस पात्र नाही.

मी आत उतरलो, नकार कुठे राहतो ते बघायला.
तिथे फार काही नव्हतं.
नाडी बघणारा वैद्य नाही, ताकद जोखणारा पहिलवान नाही.
एक यादी होती फक्त.
नाव विचारायचं, यादीत बघायचं, दार लावायचं.

माझा बाप मोटारींच्या कारखान्यात फोरमन.
एका सकाळी फाटकावर यादी लागली.
हात तेच होते, आदल्या रात्रीचे,
नखांत ग्रीससुद्धा तेच.

तर मी याचा खोटा दाखला केला.
धाकट्या भावाचं नाव दिलं, चार वर्षं उडवली.
पहारेकऱ्यानं वाचलं
आणि बाजूला झाला.

बारा मिनिटं उरली, पडदा म्हणाला.
पन्नास मिनिटं तो हेच म्हणत राहिला.
बाईंनी पिशवीतून तेंदूची फळं काढली, एक मला.
तेवढ्यात दिवे मिचकावले.
बॅटरी तर टेबलावर पडलेली!
माझ्या हातात अर्धं फळ, रस मनगटावर,
आणि मी ट्रकच्या जुन्या बॅटरीकडे बघतोय, कोपऱ्यातल्या,
जिला मी गेल्या हिवाळ्यात बदलायचं म्हणालो होतो.
तिनं धरून ठेवलं. कसं, ते विचारू नका.

मग उजाडलं. पडद्यावर कुठलातरी डोंगर,
आमच्या डोंगरांपेक्षा फारच स्वच्छ.
बाईंनी त्यांची फाइल उघडली, बटण दाबलं.
रेषा सरकत गेली, सूर पेटत गेले एकेक,
आणि आवाज नाही.

मुका.
तरुण झाला आणि मुका झाला.
बाई काही बोलल्या नाहीत. टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

जुनी डिस्क मी फेकली नव्हती. फेकत नाही.
तिच्यातून जुना कंठ उचलला, नव्या छातीत बसवला.
सिस्टीम कुरकुरली: ही सही ओळखीची नाही.
मी लिहिलं, माझ्या ओळखीची आहे.

आणि वाजला. पत्र्याच्या शिट्टीसारखा, नाकातून.
तीन ओळींतली मधलीच बाईंनी चालू ठेवली.
एकटी ती गाणं वाटतच नाही,
कुणी अंधारात भिंत चाचपत चाललंय असं वाटतं.
बाई खालून हळूच मिसळल्या.
वर औषधवाल्या बद्रीनं जमिनीवर टाच आपटली,
थांबा म्हणून की आणखी म्हणून, कळलं नाही.

चाळीस लारी, आणि आंबट आलुबुखारांच्या चटणीची बरणी.
निघताना पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उगवली:
नवी आवृत्ती तयार आहे. आत्ता, की रात्री?
आत्ता नाही, मी म्हणालो, रात्री नाही, कधीच नाही.
हो म्हणालात की दाखला तपासतील.

बाई वर गेल्या, जखमेची चिकटपट्टी घेऊन आल्या,
दातांनी तोडली,
आणि त्या कोपऱ्यावर लावली, आडवी,
बोटानं दोनदा दाबून.